आवाज येतोय का?

ऑनलाइन मुलाखतीतलं आपलं पहिलं वाक्य हेच असतं. पण नोकरी मिळते की हुकते, ते त्यानंतर आपण काय काय बोलून दाखवतो यावर ठरतं. पाचोडच्या एका घरातून दिलेल्या दोन मुलाखतींची ही गोष्ट. एक गेली, एक जमली.

अकराची मुलाखत होती. पुण्यातली कंपनी, कंटेंट रायटरची जागा. मी पावणेअकरालाच तयार होऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा कुर्ता, समोर डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाईल, मागे पांढरी भिंत. आईला सांगून ठेवलं होतं, अर्धा तास कुकर लावू नको. आजीला सांगून ठेवलं होतं, टीव्ही लावू नको. सगळ्यांना सांगून झालं होतं. लाईटला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा वाजून सात मिनिटांनी लाईट गेली. पंखा थांबला, राउटर बंद पडलं आणि समोरच्या मॅडमचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठला. मोबाईल डेटा चालू करून, लिंक शोधून परत आत जायला चार मिनिटं गेली. आणि परत गेल्यावर मी काय बोलले माहितीये? काहीच नाही. लाज वाटली. लाईट गेली असं सांगितलं तर म्हणतील, खेड्यातली आहे, हिला काय काम द्यायचं. त्यामुळे गप्प बसले. त्यांचा प्रश्न माझ्यापर्यंत उशिरा यायचा, माझं उत्तर त्यांच्यापर्यंत त्याहून उशिरा पोचायचं. दोनदा आम्ही एकदमच बोललो, दोनदा एकदमच थांबलो. शेवटी शेवटी तर मी नुसती मान हलवत होते.

दोन दिवसांनी नकाराचा मेल आला. मी धीर करून फोन लावला आणि कारण विचारलं. मॅडम चांगल्या होत्या, खरं ते सांगितलं. "तू मधेच निघून गेलीस. परत आलीस तर काही बोलली नाहीस. उत्तरंपण तुटक. आम्हाला वाटलं, तुला इंटरेस्टच नाही."

इंटरेस्ट नाही! त्या मुलाखतीसाठी मी तीन रात्री जागले होते.

पण त्यांचं तरी काय चुकलं? समोरासमोर बसलो असतो तर गेलेली लाईट त्यांनाही दिसली असती, माझा कपाळावरचा घाम दिसला असता, मांडीवरची नोट्सची वही दिसली असती. स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही. तिथं दिसतो फक्त एक चौकोन, आणि त्यात गप्प बसलेली मुलगी. म्हणून या लेखात खरं तर एकच गोष्ट सांगायचीये: ऑनलाइन मुलाखतीत जे तुम्ही बोलून दाखवत नाही, ते समोरच्यासाठी घडलेलंच नसतं.

आपल्याला ही संधी आहेच

आधी एक कबूल करू. ऑनलाइन मुलाखत ही आपल्यासारख्यांसाठी सोयच आहे. पाचोडहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. तिथून पुढे पुणे-मुंबई म्हणजे एका मुलाखतीसाठी दोन दिवस आणि हजार-दीड हजार रुपये. आणि तिकडे गेल्यावर दहा मिनिटांत 'कळवतो' ऐकून परत फिरायचं. आता पहिली फेरी तरी घरात बसून होते.

कोरोनाच्या काळात हे सगळीकडेच झालं. डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या कॅम्पस मुलाखतीसुद्धा ऑनलाइन झाल्या. कोरोना ओसरला, पण पहिली फेरी व्हिडिओवर घ्यायची पद्धत बऱ्याच कंपन्यांनी तशीच ठेवली. आयटी, बँकांची कॉल सेंटर, विमा, मीडिया, सामाजिक संस्था, सगळीकडे. आपल्याच पैठण तालुक्यात बिडकीनला ऑरिकची औद्योगिक वसाहत उभी राहतेय. पण कारखाना शेजारच्या गावात असला, तरी भरती करणारा माणूस पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेला असू शकतो. एमपीएससी, यूपीएससीची मुलाखत आजही समोर बसूनच होते. खासगी नोकरी शोधणाऱ्याला मात्र हा चौकोन चुकत नाही.

उशीर नेटचा, शिक्का आपल्यावर

माझ्या बाबतीत जे झालं, त्यावर चक्क संशोधन झालेलं आहे हे मला नंतर कळलं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग मांडला. दोन माणसांच्या कॉलमध्ये त्यांनी मुद्दाम आवाज उशिरा पोचवला. उशीर सेकंद-सव्वा सेकंदाच्या घरात गेला, की ऐकणाऱ्याला पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमोकळा वाटायला लागला. दोष लाइनचा होता, पण शिक्का माणसावर बसला.

आता विचार करा, ज्याच्या घरी फायबर आहे त्याला हा उशीर लागत नाही. गावाकडून, एका दांडीच्या रेंजवर बोलणाऱ्याला लागतो. म्हणजे काहीही चूक नसताना आपण दोन पावलं मागून सुरुवात करतो. यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे: सांगून टाका. सुरुवातीलाच.

"मॅडम, मी पाचोडहून बोलतेय. इथं कधी कधी आवाज उशिरा पोचतो, म्हणून तुमचा प्रश्न संपल्यावर मी एक सेकंद थांबून उत्तर देईन. कॉल कट झाला तर दोन मिनिटांत मोबाईल डेटावरून परत येईन."

बस, एवढंच. पंधरा सेकंद लागतात. इंग्रजीत मुलाखत असेल तर हीच वाक्यं इंग्रजीत पाठ करून ठेवा. याने तीन गोष्टी होतात. तुमचं थांबणं म्हणजे 'उत्तर येत नाही' असं कुणी समजत नाही. कॉल तुटला तर तुम्ही पळून गेलात असं वाटत नाही. आणि तिसरी महत्त्वाची: अडचण येणार हे ओळखून तिची सोय करून ठेवणारा माणूस समोरच्याला दिसतो. असाच माणूस तर त्यांना कामाला हवा असतो.

घर बदलू नका, जागा बदला

खोटा बॅकग्राउंड लावून मागे समुद्र दाखवायची काही गरज नाही. साध्या फोनवर तो लावला की कान गायब होतात, केस विरघळतात. भिंत रंगवलेली नसली तरी चालते. दोरीवरचे कपडे तेवढे काढा.

खरं लक्ष द्यायचं ते उजेडाकडे. दाराला किंवा खिडकीला पाठ करून बसलात तर चेहरा काळा दिसतो. उलटं बसा, उजेड तोंडावर घ्या. मोबाईल आडवा धरा, आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खाली ठेवलात तर समोरच्याला तुमच्या नाकपुड्या आणि छताचे पत्रे दिसतात. डब्यांवर, शिलाई मशीनवर, पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, पण दोरीने किंवा टेपने नीट बांधा. ऐन उत्तरात मोबाईल घसरला की विषयच संपला.

आवाज घुमत असेल तर अंथरुणं-गोधड्या ठेवलेल्या खोलीत बसा. कापड आवाज शोषतं, घुमणं कमी होतं. साधे वायरचे इयरफोन वापरा. त्यांची चार्जिंग संपत नाही.

डेटाचं गणित मात्र करा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी लागतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा प्लॅन रोज दीड जीबीचा. सकाळी उठल्या उठल्या रील्समध्ये एक जीबी उडवला आणि बाराला मुलाखत असेल, तर मधेच कोटा संपतो. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यात व्हिडिओ चालत नाही. त्या दिवशी मुलाखत होईपर्यंत इन्स्टा बंद. घरात दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर तो फोनही चार्ज करून, हॉटस्पॉटची तयारी करून शेजारी ठेवा.

आणि एक अगदी आपल्याकडचं. मोबाईलवरूनच मुलाखत देत असाल तर मधे मामांचा फोन आला की मीटिंगमधला आवाज जातो. आदल्या दिवशी घरच्यांना, मित्रांना सांगा. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. माझ्या एका मैत्रिणीला मुलाखत चालू असताना सहा फोन आले होते. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, झाली का मुलाखत?

'मी फ्रेशर आहे' एवढ्यावर थांबू नका

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. उजेड, आवाज, नेट सगळं जमलं. पण बोलायचं काय?

माझा एक मित्र आहे, बी.कॉम. झालेला. ऑनलाइन मुलाखतीत त्याला विचारलं, कामाचा काही अनुभव? तो म्हणला, "नो सर, आय अ‍ॅम फ्रेशर." विषय तिथंच संपला. मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. कारण गेली तीन वर्षं हा मुलगा मोसंबीच्या हंगामात पाचोडच्या मार्केटला काकांच्या आडतीवर वही लिहितो. कुणाची गाडी आली, काट्यावर वजन किती भरलं, लिलावात भाव काय फुटला, हमाली-तोलाई किती, आधी उचल दिली होती का, सगळं लिहून संध्याकाळपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. आंबे बहाराचा माल सुरू झाला की श्वास घ्यायला वेळ नसतो.

"हा अनुभव नाही का?" मी विचारलं. तो म्हणला, "ते काय राव, ते तर घरचं काम."

आपलं सगळ्यांचं हेच होतं. ज्याला पगाराची स्लिप नाही त्याला आपण काम मानत नाही. बचत गटाचा हिशेब लिहून देणारी मुलगी, गणेश मंडळाची वर्गणी सांभाळणारा पोरगा, दूध डेअरीवर फॅट लावणारा, कॉलेजच्या एनएसएस शिबिरात दीडशे जणांच्या जेवणाची सोय बघणारी, हे सगळे मुलाखतीत 'फ्रेशर' म्हणून मोकळे होतात.

मुलाखती घेणारे अनेकदा विचारतात, 'अडचणीत सापडला होता असा एखादा प्रसंग सांगा.' त्यासाठी एक चार पायऱ्यांची पद्धत जगभर शिकवली जाते: प्रसंग काय होता, त्यात माझी जबाबदारी काय होती, मी काय केलं आणि शेवटी काय झालं. मित्राचं उत्तर आम्ही दोघांनी बसून असं लिहिलं:

"मी तीन हंगाम मोसंबी मार्केटमध्ये आडतीचा हिशेब लिहिलाय. एकदा संध्याकाळी वहीतलं वजन आणि काट्याच्या पावत्यांचं वजन जुळेना. पट्ट्या वाटायची जबाबदारी माझी होती आणि शेतकरी थांबलेले होते. मी एकेक पावती वहीशी ताडून बघितली, तेव्हा एक पावती दोनदा लिहिली गेल्याचं सापडलं. ती दुरुस्त करून पट्ट्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून लिहून झालेल्या पावतीवर खूण करायला लागलो. परत तसा घोळ झाला नाही."

मोजून एक मिनिट लागतं. यात 'मी मेहनती आहे', 'मी प्रामाणिक आहे' असं एकदाही म्हटलेलं नाही. गरजच पडली नाही. अकाउंट्सच्या जागेसाठी याहून चांगलं उत्तर पुस्तकात सापडणार नाही. तुमच्या आयुष्यातले असे तीन प्रसंग शोधा. मराठीत लिहा, मग साध्या इंग्रजीत करा. मोठे शब्द नकोत. जे वाक्य बोलताना जीभ अडखळते ते सरळ कापा.

ओळख करून देतानाही तेच. गावाचं नाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, छंद वाचन आणि संगीत, ही शाळेतली ओळख झाली. मुलाखतीत चार वाक्यं पुरे: मी काय शिकले, मला काय करता येतं, ते मी कुठं केलंय आणि ही जागा मला का हवीये.

डोळे कुठे ठेवायचे?

स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघून बोललं की समोरच्याला आपण खाली बघतोय असं दिसतं. स्वतः बोलताना कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, ऐकताना खुशाल चेहऱ्याकडे बघा. मी कॅमेऱ्याशेजारी छोटी टिकली चिकटवते. तिच्याशी बोलायचं.

स्वतःचा चौकोन शक्य असेल तर लपवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची कारणं मांडली. सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं हे त्यातलं एक. दिवसभर कुणी आपल्यासमोर आरसा धरून फिरलं तर कसं होईल, तसंच ते. फ्रेम नीट आहे एवढं सुरुवातीला बघा, मग 'हाइड सेल्फ व्ह्यू' दाबा.

आणि एआयचं? हे तुमच्या मनात आलंच असणार. तयारीसाठी जरूर वापरा. 'मला या जागेसाठी दहा प्रश्न विचार' म्हणा, उत्तरं द्या, चुका काढून घ्या. पण मुलाखत चालू असताना बाजूच्या फोनवरून उत्तर वाचायला जाऊ नका. वाचणाऱ्याची बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकतात, आणि समोरच्याला ते स्पष्ट दिसतं. या फसवणुकीमुळेच काही कंपन्या परत प्रत्यक्ष मुलाखतींकडे वळताहेत. किमान एक फेरी समोरासमोर घेणार, असं गूगलचे सुंदर पिचाई यांनीही २०२५ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या मुलांनी घरबसल्या मिळालेली ही संधी अशी घालवू नये एवढंच वाटतं.

काही ठिकाणी समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, थोडा वेळ विचाराला मिळतो आणि मग तुमचं उत्तर रेकॉर्ड होतं. त्यात मान हलवून दाद देणारं कुणी नसतं, त्यामुळे भलेभले गडबडतात. याचा सराव सोपा आहे. मोबाईलवर स्वतःचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि बघा. पहिला बघवणार नाही. पाचवा बरा असेल.

लिंक आली म्हणजे नोकरी आली असं नाही

'ऑनलाइन इंटरव्ह्यू'च्या नावाखाली लुटणारेही आहेत. मुलाखतीआधी रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागितले की समजा, पाणी मुरतंय. कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं तर फोन ठेवा. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून खात्री करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. लाज वाटून गप्प बसू नका. गप्प बसून काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या वेळी

पहिल्या नकारानंतर दोन महिन्यांनी इंटर्नशिपसाठी मुलाखत होती. तेच घर, तीच भिंत, तोच डाळीचा डबा. या वेळी सुरुवातीलाच पंधरा सेकंदांचं माझं भाषण म्हणून टाकलं. अर्ध्या तासात एकदा लाईट गेलीच. मी शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट लावला, परत आले आणि म्हणलं, "सर, लाईट गेली होती. तुमचा प्रश्न गावातल्या बातम्यांवर होता, तिथून पुढे सांगू का?"

सर हसले. म्हणले, "सांग. आणि आधी हे सांग, तुमच्याकडे लाईट रोज किती वेळ जाते?" पुढची दहा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. कुणाच्या मोटारी थांबतात, बागेला पाणी कधी द्यावं लागतं, रात्रीची पाळी कुणाची. पहिल्या वेळी जे लपवलं होतं, त्याच्यावरच माझी दुसरी मुलाखत झाली. आणि हा लेख तुम्ही वाचताय, म्हणजे निकाल काय लागला ते वेगळं सांगायला नको.

तुमची तारीख आली असेल तर आज रात्रीच एका मित्राला व्हिडिओ कॉल लावा. मोफत झूमवर ४० मिनिटं मिळतात, सरावाला तेवढी पुरतात. त्याला प्रश्न विचारायला सांगा. आणि 'आवाज येतोय का?' विचारून झालं की पुढचं वाक्य तयार ठेवा.

आदल्या रात्री एवढं करा

• लिंक उघडून बघा. अ‍ॅप अपडेट मागत असेल तर रात्रीच करून टाका.
• आयडीवरचं नाव तपासा. 'किंग ऑफ पाचोड' नावाने मुलाखतीत शिरू नका.
• दोन्ही फोन आणि पॉवर बँक फुल चार्ज करा.
• उद्या लाईट बंद ठेवणार आहेत का, ते महावितरणच्या मेसेजवरून किंवा गावातल्या वायरमनकडून कळून घ्या.
• मुलाखत घेणाऱ्यांचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन हँग झाला की त्यातला नंबर कामाला येत नाही.
• जाहिरात परत वाचा. त्यात मागितलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर तुमचा एक प्रसंग लिहा.
• त्यांना विचारायला दोन प्रश्न तयार ठेवा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? काम कुणाच्या हाताखाली शिकायला मिळेल?
• उशिरापर्यंत जागू नका. तीन रात्री जागून काय झालं, ते तुम्ही वाचलंच.